बिनशेपटीचा फुगा

माझा धंदा काय, हे आमच्या कट्टा गावच्या बाजारात कुणालाच नीट सांगता येत नाही. "ती काय तरी चितारता," एवढ्यावर भागतं. एकदा ओरोसच्या जिल्हा कचेरीत कसल्याशा दाखल्यासाठी गेले होते. टेबलावरच्या साहेबांनी व्यवसाय विचारला. मी म्हटलं, "चित्रकथा काढते." त्यांनी पेन हवेत धरून थोडा विचार केला आणि 'गृहिणी' असं लिहिलं. मी वाद घातला नाही. कट्ट्याची गाडी सुटायला आली होती.

आता हात थरथरतो, रेघ सरळ येत नाही, त्यामुळे काम बंद केलंय. तुमच्या अंकासाठी आठवणी लिहा म्हणता, तर एवढ्या वर्षांत काढलेल्या राजाराणी, वाघसिंह, भुतंखेतं यांतलं काहीतरी सांगावं, अशी तुमची अपेक्षा असणार. पण माझ्या डोक्यात सारखं एकच पुस्तक फिरतं, आणि गंमत म्हणजे तेच मला आजवर धड कळलेलं नाही.

आधी धंद्याचं सांगते. लेखक गोष्ट लिहून देतो, चित्रकार ती चौकटींत बसवतो. लोकांना वाटतं, आम्ही आधी माणसं काढतो आणि मग उरलेल्या जागेत त्यांचं बोलणं लिहितो. साफ उलट आहे. आधी बोलण्याचे फुगे टाकायचे, मग माणसं. माणसं आधी काढली तर बोलणं कुणाच्या तरी टाळूवर जाऊन बसतं. प्रत्येक फुग्याला एक शेपटी असते. ती ज्याच्या तोंडाकडे वळते, तो बोलतो. शेपटी चुकली की सगळंच फिसकटतं. एका मासिकात माझ्याकडून वाघाची शेपटी बकरीकडे गेली (फुग्याची शेपटी म्हणतेय मी), आणि बकरी वाघाला म्हणाली, "आज मी तुला सोडणार नाही." मुलांची पत्रं आली, गोष्ट फार आवडली म्हणून. संपादक मात्र बराच काळ माझ्याशी तुटक बोलत होते.

आणि दोन चौकटींच्या मधे एक पांढरी पट्टी असते. ती आम्ही काढत नाही, सोडतो. एका चौकटीत माणूस दारात, पुढच्या चौकटीत विहिरीत. मधे काय घडलं ते वाचणाऱ्याने आपल्या मनाने भरायचं. आमचा निम्मा धंदा या पट्टीवर चालतो.

गिऱ्हाइकं एकेक भारी. तारकर्लीच्या एका हॉटेलवाल्याला आपल्या आजोबांचं चरित्र चित्रांत हवं होतं, देवमाशाशी झुंज देताना. आजोबा आयुष्यभर पोस्टात कारकून होते. मी म्हटलं, देवमासा आणू कुठून? तर म्हणाला, "तां तुमी बघा, माका फक्त आजो जिंकाक व्हयो." काढला. अजून त्याच्या हॉटेलात टांगलेला आहे, आणि पर्यटक त्याच्याबरोबर फोटो काढतात.

तर परब गुरुजी माझ्याकडे आले ते शिमगा आटोपल्यावर. हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. बाजारातली निम्मी माणसं त्यांच्या हातचा मार खाऊन मोठी झालेली, त्यामुळे ते आले की लोक अजून विडी लपवतात. पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला.

"सुनंदा, लग्नाचां काम आसा," म्हणाले.

"पत्रिका काय? त्यो छापखान्यात तयार गावतत, गुरुजी."

"पत्रिका नाय गो. पुस्तक. लग्न तारवावर आसा."

हल्ली लोक कुठेही लग्न करतात, गलबतावरसुद्धा. मी विचारलं, "खंय, तारकर्लीक?"

"शनीच्या पलीकडे," गुरुजी म्हणाले.

ग्राफिक नॉव्हेल की काय म्हणतात तसली विज्ञानाची चित्रकादंबरी त्यांनी लिहिली होती. गोष्ट अशी. पुढच्या कुठल्यातरी काळात आपल्याकडची माणसं भल्यामोठ्या यानातून दुसऱ्या ताऱ्याकडे निघाली आहेत. यानाला ती तारूच म्हणतात. तारवावर एका मुलीचं लग्न ठरलंय. बाप इथेच गावात राहिलाय. लग्नाचं गाऱ्हाणं त्याने देवळासमोर उभं राहून घालायचं आणि ते लहरींवरून तारवापर्यंत पोचायचं.

घाटावरच्या वाचकांसाठी गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे कुठलंही शुभकार्य असलं की घरातलं वडीलधारं माणूस देवासमोर उभं राहतं आणि त्याच्याशी मोठ्याने, आपल्याच बोलीत बोलतं. ह्यांना सुखी ठेव, त्यांची वाट मोकळी कर, असं एकेक मागत जातं. बोलणारा श्वास घ्यायला थांबला की जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा." लहानपणापासून हे जिभेवर बसलेलं असतं. खरं सांगायचं तर, काय मागितलं याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं, सगळ्यांचं लक्ष श्वासाकडे. तो थांबला की आपण म्हणायचं.

गुरुजींच्या गोष्टीत बापाचं गाऱ्हाणं चालू असताना सूर्यावर वादळ होतं आणि वाक्य मधेच तुटतं. तारवावर एवढंच पोचतं: "ह्यां लग्न आमका मान्य नाय." मग शांतता. आता बाप थांबला म्हटल्यावर तारवावरची मंडळी सवयीने काय म्हणणार? "व्हय म्हाराजा." झालं. वाक्याचा उरलेला भाग मागून येतोच आहे, पण तारू इतकं वेगात पळतंय की तो त्याला गाठता गाठत नाही. पुढचं सगळं पुस्तक म्हणजे त्या उरलेल्या अर्ध्या वाक्याचा प्रवास.

"म्हणजे चौकटीत काय दाखवचां?" मी विचारलं.

"अर्धां वाक्य."

"वाक्याचां चित्र कसां काढूचां, गुरुजी?"

"तां तुझां काम."

मी गोंधळले ती तिथपासून. पुढे काळाचा घोळ. वेगाने पळणाऱ्या माणसाचं घड्याळ म्हणे हळू चालतं. गुरुजींनी पडवीत करवंट्या मांडल्या, ही पृथ्वी, हा शनी, हे तारू, आणि दोरीचा एक तुकडा घेऊन मला तासभर समजावलं. मी मान हलवत होते. शेवटी विचारलं, "वाक्य पोचतलां तेवा नवरी केवडी?"

"वर्सभरान मोठी."

"आणि बापूस?"

"तो खंयचो आसतलो? मरान गेललो," गुरुजी म्हणाले आणि करवंट्या गोळा करू लागले.

नवरी कशी काढू म्हटलं तर "काढ कशीय." बाप कसा? "कसोय." नवरा कसा, असं विचारल्याबरोबर मात्र उत्तर आलं, "उंच. काळो. चष्मो. सारखो हसता." मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी दोन चौकटींमधल्या पट्टीत काय घडलं ते दुसऱ्यांना भरायला लावणारी बाई, माझी मला कधी भरता येत नाही.

गुरुजींच्या कागदांत एका जागी लिहिलं होतं: 'चौकट. मान्य नाय, इथपर्यंतच.' आणि खाली: 'चौकट. पूर्ण रिकामी.' मला वाटलं, वाचणाऱ्याला हे काही कळायचं नाही. मी माझ्या अकलेने दोन्ही चौकटी एक केल्या, बापाच्या तोंडाशी छान मोठा फुगा काढला आणि आख्खं वाक्य त्यात बसवलं: 'ह्यां लग्न आमका मान्य नाय, असां जो कोण म्हणात, तेचां तोंड बंद कर रे म्हाराजा.' वाचायला एकदम सोपं. आणि पानं घेऊन गुरुजींच्या घरी गेले.

गुरुजींनी पान पाहिलं, टेबलावर उलटं ठेवलं आणि आत निघून गेले. परत बाहेर आलेच नाहीत. अंगणात वहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, कोकमासाठी रतांबे फोडत बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. माझं काय चुकलं तेच कळेना.

"तनूचां लग्न आठवता तुका?" त्यांनी विचारलं.

तनुजा त्यांची एकुलती एक मुलगी, कॅनडात नोकरीला. लग्न तिकडेच झालं, आणि वहिनींच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यामुळे दोघांना जाता आलं नाही, इतपत मला ठाऊक होतं. मी त्या दिवसांत पुण्याला बहिणीकडे होते.

"जावय तमिळ," वहिनी सांगू लागल्या. "पयल्यान हेंका पटूक नाय. म्हयनोभर तनूशी बोलूक नाय. मगे फोटो बघितल्यानी, फोनवर बोलल्यानी, आणि असो आवडलो जावय, काय सांगा. पण भावकी कुजबुजत होती. म्हणान लग्नादिवशी देवळासमोरसून मोबायलावर गाऱ्हाणां घालताना हेनी मुद्दाम म्हटल्यानी, ह्यां लग्न आमका मान्य नाय असां जो कोण म्हणात, तेचां तोंड बंद कर. भावकी समोर उभी होती, तेंका आयकवक."

"आणि नेट गेलां," मी म्हटलं.

"मधीच गेलां. थय 'मान्य नाय' इतक्यांच पोचलां, आणि पडद्यावर हेंचो चेहरो थांबलो, तोंड उघडां ठेवन. तनून थयच्या मित्रांका शिकवन ठेवल्यान होतां, बाबा थांबले की म्हणूचां. सगळ्यांनी म्हटल्यानी. दोन गोरे होते, तेंनी सगळ्यात मोठ्यान."

मला हसू आलं, ते लपवायला मी एक रतांबा उचलला. वहिनींचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. त्या फोडतच होत्या.

"मगे सांगूक नाय तुमी तिका?"

"सांगितलां मां. ती म्हणता, बाबा, आता मागसून वाक्य पुरां करू नकात, तुमी म्हयनोभर बोलूक नाय तां आठवता माका. मी सांगितलां तर म्हणता, आई, तू तेंचीच बाजू घेतलंस. मगे हेंकाय राग इलो. म्हणाले, मी देवासमोर बोललंय, पुन्ना बोलूचंय नाय. तेवापासना दोघांचां बोलणां बंद. माका मेसेज येता, जेवलंस काय, गोळये घेतलंस काय." त्यांनी पदराने नाही, मनगटाने डोळा पुसला. "आता तिका दिवस आसत. बाळ येवच्या आदी पुस्तक पोचूक व्हयां, म्हणतत हे. लहानपणी तुझी चित्रां बघून ती वाचूक शिकली, म्हणान तुझ्याकडे इले."

माणूस सरळ फोन उचलून बोलत नाही आणि त्यासाठी शनीच्या पलीकडे जातो, हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. पण गुरुजींना मार देता येत होता, प्रयोग करता येत होते, माफी मागता येत नव्हती. आणि इथे तर माफी मागण्यासारखं त्यांनी काही केलंही नव्हतं. म्हणजे आणखीच अडचण.

मी घरी येऊन सगळं फाडलं आणि पुन्हा काढायला घेतलं.

चित्रकथेत चित्रकाराच्या हातात खरी सत्ता एकच असते, पान उलटणं. उजव्या पानाच्या तळाशी तुम्ही जे ठेवाल, ते घेऊन वाचणाऱ्याला पान उलटावंच लागतं. तिथे मी 'मान्य नाय' ठेवलं. पान उलटलं की गुरुजींना हवी होती रिकामी चौकट, आणि तीही पूर्ण पानभर.

माझी शंका वेगळी होती. तनूचा प्रश्न, वाक्य पुढे होतं की नव्हतं, हा नव्हताच. तिचा प्रश्न होता, उरलेलं वाक्य त्या वेळी बोललं गेलं, की नंतर घरी बसून जुळवलं? रिकाम्या चौकटीत त्याचं उत्तर नव्हतं. आणि मग मला वहिनींचे शब्द आठवले, तोंड उघडां ठेवन. ज्याचं बोलणं संपलं त्याचं तोंड मिटलेलं असतं. हे मी हजारदा काढलेलं. फुग्यात पूर्णविराम आला की ओठ मिटायचे, नाहीतर तो माणूस आ वासून उभा असल्यासारखा दिसतो. तनूनेही तो थांबलेला चेहरा पाहिलेला होता. तिला तो विसरता येणं शक्य नव्हतं.

मी पानभर बापाचा चेहरा काढला. तोंड उघडं, छातीत श्वास भरलेला, हात जोडलेले, आणि फुगा नाही.

गुरुजींनी पान पाहिलं आणि भडकले. "ह्यां काय काढलंस? येडो दिसतंय मी."

"बापूस तो गोष्टीतलो. तुमी नाय," मी म्हटलं.

मला सगळं माहीत आहे, हे त्यांना समजलं, आणि त्यांना समजलंय हे मला. पुढे त्यांनी एवढंच विचारलं, "कानाकडचे केस येवडे पांढरे कित्याक?"

उरलेल्या वाक्याचं कोडंही मग सुटलं. मी त्या अर्ध्या वाक्याचा फुगा काढला आणि त्याची शेपटी कापली. आमच्या धंद्यात बिनशेपटीचा फुगा म्हणजे कोण बोललं ते हरवलं. 'असां जो कोण म्हणात, तेचां तोंड बंद कर,' एवढे शब्द पोटात घेऊन तो फुगा पानामागून पान एकटाच जातो, चंद्रावरून, मंगळावरून, शनीच्या कड्यांतून, आणि दर पानाला थोडा लहान होतो. शेवटच्या पानावर तो तारवाच्या खिडकीशी पोचतो. खिडकीत नवरी उभी आहे, पोटावर हात ठेवून. तो हात मी माझ्या पदरचा घातला. तिच्या तोंडाशी एक फुगा आहे, शेपटीसकट.

"ह्या फुग्यात काय लिवू?" मी विचारलं.

"काय नाय."

"गुरुजी, रिकामो फुगो कोण छापणा नाय."

"ती काय म्हणतली तां माका म्हायत नाय. माका म्हायत नाय तां मी कसां लिवू?" त्यांचा आवाज एकदम वर्गातला झाला.

कुडाळच्या छापखान्यातून फोन आला, "बाई, शेवटच्या पानाचा मजकूर पाठवायचा राहिला." मी म्हटलं, राहिला नाही, तसंच आहे. त्यांनी पुन्हा फोन केला. मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा मालकांनी स्वतः केला. छापलं, पण मला म्हातारचळ लागलाय असं तिथे अजून मानतात. थोड्याच प्रती काढल्या. त्यातली एक कॅनडाला गेली.

मग काही नाही. आषाढ गेला. गुरुजी बाजारात आले की माझ्या पडवीत बसायचे, चहा घ्यायचे आणि उठून जायचे. मी उगीचच कुणाकुणावर चिडत होते. पुस्तक चांगलं झालं की वाईट, मला ठरवता येत नव्हतं. शेजारणीला वाचायला दिलं, तर ती म्हणाली, चित्रं बरी आहेत, पण तारू शेवटी कुठल्या बंदराला लागलं ते काही कळलं नाही. उघड्या तोंडाच्या त्या पानाने तनू अजूनच दुखावली तर? बापाची थट्टा केली असं वाटलं तर? मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोष्टी चौकटीत बसवल्या, पण चौकटीबाहेर बसलेलं माणूस वाट बघतं, ते कसं सहन करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

चतुर्थीच्या आधी वहिनींच्या मोबाईलवर एक फोटो आला. शेवटचं पान. नवरीच्या फुग्यात निळ्या पेनाने लिहिलेलं: 'उरलेलां सांगा बाबा. आयकतंय.' अक्षर फुग्याच्या रेघेबाहेर गेलं होतं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी खपवून घेतलं नसतं.

गुरुजींच्या घरी नेटचा भरवसा नाही. टॉवर बाजारात, माझ्या घरामागे. म्हणून संध्याकाळी दोघं माझ्याकडे आली. रंगांच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा केला. पडद्यावर तनू आली, आता चांगलीच अवघडलेली, तिच्या मागे मित्रमंडळी दाटीने उभी. त्यातला उंच, काळा, चष्म्याचा, सारखा हसणारा मी लगेच ओळखला. मीच काढलेला तो.

बापलेकीने एकमेकांना काहीच विचारलं नाही. गुरुजींनी पाय धुतले, टोपी घातली, देवळाच्या दिशेला तोंड करून हात जोडले आणि सुरुवात केली. त्या वाक्यापाशी आले तेव्हा त्यांनी इतका मोठा श्वास घेतला की वहिनींनी माझा हात धरला. मग कुठेही न थांबता, एका दमात म्हणाले, "ह्यां लग्न आमका मान्य नाय असां जो कोण म्हणात तेचां तोंड बंद कर रे म्हाराजा."

आणि थांबले.

तिथे 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. माझ्या जिभेवर आलंच होतं, पण मी म्हटलं नाही. वहिनींनीही नाही. पडद्यावर सगळे स्तब्ध, दोन गोऱ्यांसकट, ओठ घट्ट मिटून उभे. कुणाची पापणीसुद्धा हलेना. पुन्हा नेट गेलं की काय, ते समजेना. वहिनी मोबाईलजवळ वाकून बघू लागल्या. गुरुजी हात जोडून तसेच उभे, तोंड उघडं.

मग पडद्यावरून तनूचा आवाज आला, अगदी हळू.

"बाबा, संपलां? काय आसा अजून? म्हणू आता?"

गुरुजी नुसती मान हलवत होते, पण तोंड देवळाकडे, मोबाईलला पाठ. तिला काय दिसणार?

"म्हण गो बाय," मी म्हटलं.